नऊचा टोल

पिंप्राळा, जळगाव
९ फेब्रुवारी २०२५

ती. नाना,

पायांवर डोकं ठेवते. फोन केला की काकू उचलतात, माझं वाक्य तुमच्या कानाशी ओरडून सांगतात आणि तुम्ही तिसऱ्याच गोष्टीचं उत्तर देता. गेल्या वेळी मी पावसाचं विचारलं, तुम्ही गुडघ्याचं सांगितलंत. म्हणून हे पत्र. पोस्टमन तुमच्याकडे येतो ना अजून?

आमच्या विभागाला एक प्रकल्प मिळालाय. पूर आणि दुष्काळ यांत माणसं पाण्याशी कशी वागतात, याचा अभ्यास. मी आणि नाजमीन, अशा दोघी आहोत. नाजमीन भुसावळची, तिचे वडील पाणबुडी मोटारी दुरुस्त करतात, त्यामुळे पाण्यातलं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तिच्या स्कूटरवरून गावोगाव हिंडतो. चार पानांचा फॉर्म आहे, सतरा प्रश्न. अमळनेरकडे एका टँकरच्या गावात बाईनं आम्हाला अर्धा-अर्धा पेला पाणी दिलं आणि पिऊन झाल्यावर तळाशी राहिलेलं तुळशीत ओतलं. रावेरकडचा एक केळीवाला म्हणाला, पुराची बातमी आली की तो आधी मोटार वर काढतो, माणसं काय पायानं येतात. नाजमीन दिवसभर हसत होती. मला हसू आलं नाही.

नाना, मी हा विषय का घेतला ते तुम्हाला माहीत आहे. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. घरात आईचा विषय निघाला की आबा एकच सांगतात: टोल ऐकूनही गेली, नारळापायी गेली. एकोणीस वर्षं हेच एक वाक्य. त्यानंतर त्यांनी आमच्याकडे श्रावणातली नारळाची कानबाई देवी बसवली नाही, आणि आईचा फोटो आतल्या खोलीत कपाटाच्या बाजूला लावलाय, जिथे दार उघडलं की तो दिसत नाही. मला एवढंच शोधायचंय की धोक्याचा इशारा मिळूनही माझी आई पाण्यात का उतरली. तिच्यासारख्या शहाण्या बाईनं असं का केलं, ते मला कळायला हवं.

तुम्ही तीस वर्षं पुलावरची मोजपट्टी वाचलीत. तुमच्याकडे नोंदवह्या आहेत असं आबा म्हणाले. मिळतील का?

तुमची
ज्योत्स्ना


निंबखेडे, जि. धुळे
२० फेब्रुवारी २०२५

चि. ज्योत्स्ना,

सुखी राहा. पोस्टमन येतो, पण माझ्याकडे पत्र आलं म्हणून तोच घाबरला होता. कुणी गेलं की काय, असं त्याला वाटलं.

वह्या आहेत. ऑफिसची प्रत ऑफिसात गेली, माझी कच्ची वही मी ठेवली. सन चौऱ्याऐंशी ते दोन हजार चौदा, एकतीस वह्या. तुझी काकू दरवर्षी पोळ्याला म्हणते, रद्दीत द्या. मी देत नाही. एरवी दिवसातून तीन वेळा आकडा घ्यायचा, नदीला पाणी वाढलं की दर तासाला. घरापासून पूल सात मिनिटं. पट्टीवर चार मीटरला तांबडी रेघ. पाणी तिथवर आलं की काठच्या निंबाला टांगलेल्या रुळावर घण मारायचा. तो रूळ मी भुसावळच्या रेल्वे यार्डातून आणला, दीड हात लांब. लोकांना वाटायचं लोटन भंगार घेऊन आला. पण त्याचा आवाज पल्याडच्या शिवारात मळणीयंत्र चालू असलं तरी ऐकू जायचा. गावानं त्याला नावच दिलं, लोटननानाचा टोल. टोल झाला की गुरंसुद्धा काठावरून मागे फिरायची. असा त्याचा धाक.

दुष्काळाच्या वर्षीही मी रोज जायचो. पट्टीच्या बुडाला भेगा, तरी शून्य लिहायला जायचो. साहेब म्हणायचा, लोटन, घरी बसून शून्य लिही. मी म्हणायचो, शून्यसुद्धा बघूनच लिहावं लागतं.

राहिलं कानबाई विसर्जनाच्या त्या सोमवारचं. टोल दिला होता, वहीत नोंद आहे. बायकांची गाणी, त्यात वाजंत्री. त्यांना ऐकू गेला नसेल. याहून जास्त माझ्याकडे सांगण्यासारखं नाही. वह्या गावातल्या वना ड्रायव्हरच्या गाडीतून पाठवतो, तो केळी भरायला तिकडे येतो. ओल्या करू नका.

तुझ्या आबाला, हितेंद्रला आशीर्वाद.

तुझा नाना


पिंप्राळा, जळगाव
३० मार्च २०२५

ती. नाना,

वह्या मिळाल्या. काय अक्षर आहे! नाजमीन म्हणते, असं अक्षर असतं तर मी डॉक्टरेट कधीच संपवली असती. एकाही पानावर शाईचा डाग नाही.

या महिन्यात आम्ही निंबखेड्याला येऊन गेलो, तुम्ही नेमके मोतीबिंदूसाठी धुळ्याला. काकूंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. पण आईचं नाव काढलं की त्या चुलीकडे तोंड करून बसायच्या.

अकरा बायकांचे फॉर्म भरले. लताबाईंनाही भेटले. त्या दिवशी विसर्जनानंतर घरी न्यायची वाळू घ्यायला तिघी पाण्यात उतरल्या, त्यांतल्या लताबाईच बाभळीला धरून वाचल्या. आई आणि गावातल्या मगनची आई गेल्या. लताबाई थोडं तुटक बोलतात. अकराव्या प्रश्नाला, म्हणजे 'धोक्याचा इशारा ऐकला का', त्या म्हणाल्या, "टोल कसाना?" कसला टोल, म्हणतात म्हणून मी 'ऐकला नाही' वर खूण केली. त्या अजून काही बोलत होत्या, पण अजून सहा बायका बाकी होत्या आणि लांब म्हणून स्कूटर न आणल्यानं पाचची एसटी गाठायची होती, म्हणून मी बाराव्यावर गेले. नंतर पाहिलं तर अकराच्या अकरा जणींनी तेच सांगितलंय. ऐकला नाही.

म्हणजे तुम्ही लिहिलंत तेच खरं. वहीत नऊ वाजता ४.६० आणि शेरा 'टोल दिला'. इकडे अकरा बायका म्हणतात ऐकला नाही. मधे काय, तर गाणी आणि वाजंत्री. आमच्या मॅडमना हे फार आवडलं. इशारा देणं आणि इशारा पोचणं यातलं अंतर, असा एक अख्खा भाग त्या मला लिहायला सांगतायत.

नाना, मला आनंद झाला म्हटलं तर विचित्र वाटेल, पण झाला. आई हट्टी नव्हती, तिला ऐकूच आलं नाही. मी आबांना सांगितलं. ते म्हणाले, गाता गाता मेली म्हणजे काय वेगळं झालं. आणि टीव्ही मोठा केला.

ज्योत्स्ना


निंबखेडे
१८ एप्रिल २०२५

चि. ज्योत्स्ना,

डोळा बरा आहे. आता लांबचं स्वच्छ दिसतं, त्यामुळे गावातली घाण जास्त दिसते. नदी होळीपासूनच बंद. नळाला आठव्या दिवशी पाणी, तेही गढूळ. तुझी काकू हंड्याला फडकं बांधते आणि खाली उरलेला गाळ मला दाखवायला आणते.

तुझं लिहिणं चांगलं चाललंय असं दिसतं. फक्त एक सांगतो, राग मानू नको. त्या सोमवारचं तू लिहूच नये. तुझ्याकडे शंभर गावं आहेत, अर्ध्या पेल्याची बाई आहे, मोटारवाला आहे. गेलेल्यांना कशाला उठवायचं? तुझ्या आईचं, रत्नाचं नाव छापलं तर हितेंद्रला त्रास होईल. तो वरून दगड दिसतो, पण तसा नाही. आणि लताबाईंच्या बोलण्यावर फार जाऊ नको, त्या दिवसापासून तिचं डोकं ठिकाणावर नाही असं लोक म्हणतात.

वह्या काम झालं की परत पाठव.

नाना


पिंप्राळा, जळगाव
२५ मे २०२५

ती. नाना,

तुमचं ऐकलं नाही, क्षमा करा. आईचं नाव घातलं नाही, गावाचंही नाही. पण प्रसंग घातला, कारण त्याच्यासाठीच मी हे सगळं करतेय.

परवा धुळ्याला एका सभागृहात आमचं वाचन झालं. अधिकारी मंडळी होती. मी सांगितलं की सणाच्या दिवशी वाद्यांमुळे इशारा पोचत नाही, म्हणून इशाऱ्याच्या पद्धती बदलाव्यात, दिवे लावावेत, माणसं उभी करावीत. त्यांनी टाळ्या वाजवल्या. चहाच्या वेळी एकजण म्हणाले, दिव्याबिव्यांना वेळ लागेल, त्यापेक्षा नदीकाठी गाणीबजावणीच बंद करू, पत्र काढतो आजच. मी म्हणाले, तसं नाही म्हणायचं मला. ते म्हणाले, मॅडम, तुमचाच निष्कर्ष आहे.

घरी आल्यापासून जेवण गोड लागत नाही. काकूंना विचाराल का, बायकांना वाईट वाटेल का?

ज्योत्स्ना


निंबखेडे
१२ जून २०२५

चि. ज्योत्स्ना,

पत्र आलं ग्रामपंचायतीत. घाटावर पत्र्याची पाटी लागली. 'कानबाई विसर्जनावेळी नदीपात्रालगत गायन-वादनास मनाई.' खाली लिहिलंय की पूर्वी घडलेल्या दुर्घटनेत महिलांच्या निष्काळजीपणामुळे जीवितहानी झाली. हे तू लिहिलं नसशील, मला ठाऊक आहे. पाटी रंगवणाऱ्याला एवढी मराठी येत नाही, म्हणजे वरूनच आलं असणार.

काल लताबाई आमच्या ओट्यावर आली. उभीच राहिली, बसली नाही. बराच वेळ बोलली. मला ऐकू येत नाही हे तिलाही ठाऊक आहे. तुझी काकू दारात उभी राहून ऐकत होती, आणि ती गेल्यावर आत जाऊन निजली, जेवली नाही. काय बोलली ते मी विचारलं नाही.

पाऊस अजून नाही. वह्या अजून आल्या नाहीत.

नाना


पिंप्राळा, जळगाव
२२ जून २०२५

ती. नाना,

वह्या मी अजून देत नाही.

गुरुवारी नाजमीन पानांचे फोटो काढत होती. तिच्या वडिलांचा धंदा असा की मोटारीच्या पाटीवरचा घासलेला नंबर बोटानं वाचायचा. ती सवय तिलाही आहे. दोन हजार सहाचं ते पान तिनं उलटं केलं आणि मागून बोट फिरवलं. मग खिडकीशी नेऊन उन्हात धरलं. नऊच्या रकान्यात ४.६० च्या खाली आणखी एक आकडा आहे. २.२०. आठला २.१५, नऊला २.२०. दोनाचे चार केलेत, पुढच्या दोनाचे सहा. आणि 'टोल दिला' हे दोन शब्द त्या पानावर सगळ्यांत जोरात दाबून लिहिलेत. मागून ते आंधळ्यालाही वाचता येतील.

मी तिला म्हणाले, नानांनी चुकून लिहिलं असेल, मग सुधारलं असेल. तिनं बाकीच्या वह्या माझ्यासमोर उघडून ठेवल्या. एकतीस वह्यांमध्ये तुम्ही जिथे चुकलात तिथे एक सरळ रेघ मारून शेजारी लिहिलंय आणि सही केलीय. फक्त इथेच आकड्यावर आकडा आहे.

मग मी तुमचं फेब्रुवारीचं पत्र काढलं. मळणीयंत्र चालू असलं तरी पल्याडच्या शिवारात ऐकू जायचा, असं तुम्हीच लिहिलंय. मग बारा-तेरा बायकांच्या गाण्यात तो कसा बुडाला? मी ते वाचलं होतं, नाना, आणि पुढे गेले होते.

मला एकाच गोष्टीचं उत्तर द्या. त्या दिवशी टोल वाजला होता का?

ज्योत्स्ना


पिंप्राळा, जळगाव
६ जुलै २०२५

नाना,

पत्र पोचल्याचं वनानं सांगितलं. तुम्ही ते वाचताना त्यानं पाहिलंय. मी वाट बघतेय.

ज्योत्स्ना


निंबखेडे
१४ जुलै २०२५

चि. ज्योत्स्ना,

नाही वाजला.

हे एवढं लिहून मी दोन आठवडे पुढे गेलो नाही. काल तुझ्या काकूनं शाईचा पेन आणून समोर ठेवला. म्हणाली, "सांगी टाका आते. मी मरसू तं माले हाई वझं सोबत नको." तिचं ओझं, असं ती म्हणाली. मला वाटत होतं ते फक्त माझं आहे.

त्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसली. सगळे भाऊबंद जमले होते, तुम्हीही जळगावहून आला होता. तू झिपऱ्या सोडून अंगणात फुगड्या घालत होतीस. रत्नानं कानबाई डोक्यावर न्यावी असं मीच सुचवलं, घरातली धाकटी सून म्हणून. तिला फार आनंद झाला होता. सोमवारी सकाळी विसर्जनाआधी रोटाची, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांची पंगत. आपल्या घरची रीत तुला माहीत नसेल. रोट ज्या-ज्या पुरुषाच्या नावानं केला, त्यानं पंगतीत बसून तो संपवायचा, आणि सगळ्यांचा संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. उठलं तर त्या घरावर येतं म्हणतात.

आठला मी पुलावर गेलो होतो. २.१५. पाणी गढूळ होतं आणि त्यात काड्या-कचरा होता. बावीस वर्षं पाणी वाचलेल्या माणसाला त्याचा अर्थ कळतो. वर कुठेतरी सुटलंय, हे मला कळलं होतं. नऊला परत यायचंच असं ठरवून मी घरी आलो आणि पंगतीत बसलो. पावणेनऊ झाले, नऊ झाले. वही मांडीजवळ होती. उठू की नको, असं झालं. समोर सगळे भाऊ बसलेले. मी मनाशी म्हटलं, तासात पाच सेंटिमीटर वाढलं असेल फार तर. आणि पंगतीत बसल्याबसल्या २.२० लिहिलं. आयुष्यात एकदाच न बघता आकडा लिहिला.

वाजंत्री निघाली तेव्हा मी हात धूत होतो. साडेनऊला आरडाओरड ऐकू आली. मी पळत गेलो तेव्हा तांबडी रेघ पाण्याखाली होती. रुळाला मी हातही लावला नाही, आता कुणासाठी लावायचा.

दुपारी साहेब येणार असा निरोप आला. माझी नोकरी, माझी पोरं, माझं नाव. मी दोनाचे चार केले. चौकशी दोन ओळींत संपली: इशारा देऊनही महिला पात्रात उतरल्या. ते वाक्य माझ्या आकड्यातून निघालं. हितेंद्र रडत होता आणि मला विचारत होता, नाना, टोल झाला व्हता ना? मी हो म्हणालो. तो त्याच दिवसापासून तुझ्या आईवर रागावला, आणि मी त्याला रागावू दिलं.

आकडा बदलताना तुझ्या काकूनं मला पाहिलं. त्यानंतर आमच्यात त्यावर एक शब्द झाला नाही. ती दरवर्षी कानबाई बसवते आणि मला पंगतीत वाढते. मी उठत नाही.

लताबाईनं पहिल्या दिवसापासून सांगितलं की टोल झालाच नाही. मी म्हणालो, बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. गावानं माझं ऐकलं. माझ्या शब्दाला वजन होतं, कारण मी शून्यसुद्धा बघून लिहिणारा माणूस.

तुला वह्या का दिल्या, असं तू विचारशील. खरं सांगतो, मला नक्की माहीत नाही. अक्षराचा गर्व असेल. किंवा कुणीतरी एकदा ते पान उलटावं, असंही आत कुठे असेल.

क्षमा मागत नाही. मागण्याजोगी गोष्ट नाही ही.

लोटन


पिंप्राळा, जळगाव
२३ जुलै २०२५

नाना,

तुमचं पत्र मी आबांना वाचून दाखवलं. ते टीव्हीसमोर बसले होते, त्यांनी टीव्ही बंद केला. शेवटापर्यंत ऐकलं. मग इतकंच म्हणाले, "मी तिले एकोनीस वरीस गाया दिध्यात." शिव्या दिल्या, असं. त्यांना मी अहिराणी बोलताना कितीतरी वर्षांनी ऐकलं, आई होती तेव्हा ते दोघं आपसात बोलायचे. मग उठून आतल्या खोलीत गेले. सकाळी पाहिलं तर फोटो कपाटाजवळ नव्हता, त्यांच्या उशाशी होता. कालपासून ते दुकानात गेलेले नाहीत.

मी तुमच्यावर रागावलेय. असं लिहिणं सोपं नाही, कारण लहानपणापासून मी तुमच्या मांडीवर बसून आकडे शिकले. तुम्ही माझ्या आईला मारलं असं मी म्हणणार नाही, पाणी कुणाचं ऐकत नाही. पण मेल्यावर तिच्यावर खोटा आळ घातलात आणि तिच्या नवऱ्याला, तिच्या मुलीला तो खरा मानायला लावलात. पंगतीतून न उठणं मी समजू शकते. दोनाचे चार करणं नाही.

आणि माझंही लिहिते, नाहीतर मी तुमच्यासारखीच होईन. माझ्या फॉर्ममध्ये अकराव्या प्रश्नाला दोनच रकाने होते. ऐकला, ऐकला नाही. टोल वाजलाच नाही, यासाठी रकाना नव्हता. लताबाई मला तेच सांगत होत्या आणि मी एसटी चुकेल म्हणून पुढे गेले. नाजमीननं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. त्यात मी "बरं, पुढचा प्रश्न" म्हणतेय आणि मागे त्यांचा आवाज येतोय: "मन्हा कान तवय चांगला व्हतात, पोरी. टोल वाजनाच नही." अकरा बायकांचं खरं मी चार पानांवर खोटं करून ठेवलं, आणि त्यातून ती पाटी आली. निष्काळजीपणा हा शब्द त्या बायकांना माझ्यामुळे लागला.

अहवाल मी मागे घेतलाय. मॅडम नाराज आहेत. त्या म्हणतात, आता लिहायचं असेल तर पुरावा लागेल, की टोल झाला असता तर बायका थांबल्या असत्या. एका म्हाताऱ्याची कबुली म्हणजे तो पुरावा नाही. कुठून आणू मी? आईला विचारू?

तीन ऑगस्टला कानबाई आहे. मी येणार नाही. तुम्ही गावात सांगा किंवा नका सांगू, ते तुमचं तुम्ही ठरवा. वह्या वनाबरोबर पाठवतेय. ते एक पान मी ठेवून घेतलंय.

ज्योत्स्ना


निंबखेडे
५ ऑगस्ट २०२५

चि. ज्योत्स्ना,

काल सोमवार होता. जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, अंदाजानं काही नाही.

रोटाच्या पंगतीत बसलो होतो. नऊला दहा कमी असताना उठलो. सगळे भाऊ बघत राहिले, त्यातला किरण माझा हात धरायला लागला. तुझी काकू म्हणाली, जाऊ द्या त्यासले. निदान ओठांवरून मला तसं दिसलं. सात मिनिटांच्या रस्त्याला आता मला पंधरा मिनिटं लागतात, म्हणून उशीर झाला. पट्टी पाहिली. ०.१०. घोटा जेमतेम बुडेल एवढं पाणी, स्वच्छ, खालची वाळू दिसत होती.

बायका आल्या. पाटी तिथेच होती, पण त्या गात होत्या. लताबाई पुढे होती, तिचं तोंड सगळ्यांत मोठं उघडलेलं. वाजंत्रीही होती, ढोलवाल्याचे हात मला दिसत होते. पूर्वीपेक्षा दुप्पट बायका होत्या. मी काय करणार हे कुणालाच सांगितलं नव्हतं, तुझ्या काकूलाही नाही. त्यांनी आरती केली आणि वाळू घ्यायला दहा-बारा जणी पाण्याकडे वळल्या. पहिल्या दोघींनी पाय आत घातला. तेव्हा, साडेनऊला, मी घण उचलला आणि रुळावर मारला. तीन वेळा.

मला ऐकू आलं नाही. हाताला झणझण झाली तेवढीच. रूळ इतकी वर्षं गंजलाय, वाजला की नाही हे मला कळेना. म्हणून मी बायकांकडे पाहिलं.

सगळ्या थांबल्या होत्या. गाणारी तोंडं मिटली होती. ज्या दोघींचे पाय पाण्यात होते त्यांनी ते बाहेर काढले. एका सुनेनं शेजारच्या पोरीचं मनगट धरून तिला मागे ओढलं. घोट्याएवढं पाणी, वर ऊन पडलेलं, तरी त्या सगळ्या घाटाच्या चौथ्या पायरीपर्यंत मागे गेल्या आणि तिथून माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. त्यातल्या निम्म्यांनी तो टोल आयुष्यात ऐकलेला नव्हता.

मग मी खाली उतरून त्यांना सांगितलं. तुला लिहिलं ते सगळं. मोठ्यानं बोललो असेन, मला माझा अंदाज येत नाही. आपली आई कशी गेली ते ऐकून मगननं तोंड फिरवलं आणि तो निघून गेला. लताबाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. काय म्हणाली ते तुझ्या काकूनं नंतर मला पोरांच्या पाटीवर लिहून दिलं: मी येडी नव्हतू ना? मी नव्हतीस म्हणून मान हलवली. ती रडली नाही. तिनं घण माझ्या हातातून काढून घेतला आणि निंबाच्या बुंध्याशी ठेवला.

ऑफिसला सगळं लेखी पाठवलंय, सहीनिशी. जे करायचं ते करोत.

तुझ्या मॅडमना पुरावा हवा होता. तो मी वर लिहिलाय, तारीख, वेळ आणि पाण्याच्या उंचीसकट. खाली बावीस बायकांच्या सह्या आणि अंगठे आहेत, पहिली सही लताबाईची. गाणी चालू होती, वाजंत्री चालू होती, पाणी घोट्याएवढं होतं, आणि टोल झाल्यावर एकही बाई पुढे गेली नाही.

हे हितेंद्रला वाचून दाखव. रत्ना थांबली असती.

लोटन